दोन ओळींची एक

परभणी
१४ जुलै २०२४

श्री. सिद्धोधन,

नुसतं ‘श्री.’ लिहिलं आणि पुढं काय लिहावं या विचारात चहा थंड झाला. शेवटी तसंच सोडलं.

मी राजेश्री. व्यंकटरावांची. बी.एस्सी.ला तुमच्या मागच्या बाकावर बसायची, आणि गावही एकच. चोवीस वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नका, कुणाच्या लग्नाचं आमंत्रण नाही. पत्ता तुमच्या चुलतभावाकडून, चंद्रभानकडून घेतला. तो फोन नंबर पण देत होता, मी नको म्हटलं. फोनवर माणूस ‘हं, हं’ करतो आणि ऐकणारा त्यातून आपल्या मनासारखं ऐकतो.

मी इथं एका ज्युनिअर कॉलेजात वीस वर्षं कॉम्प्युटरची सी भाषा शिकवते. लग्न झालं. यजमान, महारुद्र, एका बँकेत आहेत, मुलगी लातूरला शिकते. बाबा मागच्या वर्षी गेले, शेती धाकटा भाऊ राम बघतो. संपलं माझं पुराण.

आता काम. माझ्या वर्गात शुभदा म्हणून एक चिवट पोरगी आहे. तिच्या प्रोग्राममध्ये नावांची यादी आहे आणि ‘पुढचा’ नावाचं एक फंक्शन. त्याला हाक मारली की ते यादीतलं पुढचं नाव काढून देतं. एका ओळीत तिनं त्याला दोनदा हाक मारली: छाप(पुढचा(), पुढचा()). डावीकडचं नाव पहिल्या रकान्यात जावं, उजवीकडचं दुसऱ्या. खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर यादी बरोबर आली. दाराजवळच्यावर प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवून देणारं कंपायलर दुसरं आहे, तिथं प्रत्येक जोडी उलटी. प्रोग्राम तोच, एका अक्षराचा फरक नाही. वर्गात दोन पार्ट्या पडल्या. पोरगी मला म्हणते, “मॅडम, यातलं खरं कोण बोलायलंय?”

त्या भाषेच्या नियमांचं स्टँडर्ड लिहिणाऱ्या समितीत तुम्ही आहात. जाडजूड मसुद्याच्या शेवटी जी नावं असतात त्यांत तुमचं दिसलं. मधे वडिलांचं ‘लिंबाजी’ वाचलं आणि खात्री पटली. म्हणून तुम्हांलाच विचारते. खरं कोण बोलतंय?

राजेश्री

ता. क. तुमच्या आई, सुलाबाई, बऱ्या आहेत. रामच्या शेताकडं जाताना ओट्यावर दिसतात. आम्ही बोलत नाही.

*

बंगळुरू
२५ जुलै २०२४

राजेश्री मॅडम,

जय भीम. पत्र पोचलं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं, त्यामुळं उघडायला दोन दिवस लागले.

दोन्ही मशीन खरं बोलत आहेत. कंसातलं डावं आधी सोडवायचं की उजवं, हे स्टँडर्डनं ठरवलेलं नाही. विसरलं म्हणून नव्हे. ‘हे आम्ही ठरवत नाही’ असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. कंपायलर बनवणाऱ्यानं आपल्या सोयीनं करावं आणि कुणाला कारणही सांगू नये.

स्टँडर्ड नव्हतं तेव्हा भाषा एका पुस्तकावर चालायची. पुस्तक छान होतं, पण जिथं ते गप्प बसायचं तिथं जो तो आपलं घोडं दामटायचा. एकाच मशीनवर काम केलेल्याला त्या मशीनची सवय हीच भाषा वाटायची. स्टँडर्डनं सगळ्यांना एकसारखं वागायला लावलं असं लोक समजतात. तेवढंच नाही. वचन कुठं आहे आणि कुठं नाही, याची हद्द त्यानं आखली. काही गोष्टी अशाच व्हायला पाहिजेत. काही कंपायलरवाल्यानं ठरवाव्यात, पण लिहून ठेवाव्यात. काहींत दोन-तीन वाटा मोकळ्या, कोणतीही धरावी. तुमची ओळ यात बसते. आणि काही ठिकाणी तर काहीही होऊ शकतं, तिथं पाऊलच टाकू नये.

आमच्या गटाची एक रीत आहे. नवं वाक्य लिहिलं की दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतो. त्यांनी वाक्य वाचायचं आणि आपल्याला काय कळलं ते लिहायचं, एकमेकांना न विचारता. मग दोन्ही कागद शेजारी ठेवतो. ते जुळले नाहीत तर वाचणाऱ्यांना बोल लावत नाही. वाक्य बदलतो. एका वाक्यासाठी तीन तीन दिवस भांडलो आहोत.

शुभदाला सांगा, दोन नावं दोन वेगळ्या ओळींत काढ आणि मग छाप. एक ओळ पूर्ण झाल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही, एवढं वचन स्टँडर्ड नक्की देतं. चूक मशीनची नाही, लिहिणाऱ्याची. त्या ओळीला हुशारी दाखवायचा वास येतो. असं लिहिणाऱ्याचे कान धरावेत.

तुमच्या वडिलांचं मला माहीत नव्हतं. आईशी दर रविवारी बोलतो, ती काही बोलली नाही. मी एकटाच असतो. बाकी ठीक.

सिद्धोधन

*

परभणी
४ ऑगस्ट २०२४

सिद्धोधन,

‘तुम्ही’ इथंच सोडते. कान धरायला सांगितलंस ना? मग धर. तुझेच.

शुभदा आहे, पण प्रोग्राम तिचा नाही. मीच तिला चालवायला दिला होता. तो आपला आहे. फेब्रुवारी २०००, गव्हाच्या पाण्याची पाळी.

आठवतंय ना सगळं? पाणी वापर संस्थेनं आपल्याला सांगितलं होतं, कालव्याच्या पाळीची यादी कॉम्प्युटरवर काढून द्या, म्हणजे अमक्या-तमक्याच्या शब्दावर पाणी फिरायचं बंद होईल. कालव्यातून फुटणाऱ्या एका चारीवर दोघा-दोघांची जोडी. पहिल्या रकान्यात दिवसाची पाळी, दुसऱ्यात रात्रीची. एकटीनं शेत करणाऱ्या चार बायांना दिवस द्यायचा, हे पंचांनी आधीच ठरवलेलं. तुझ्या आईची जोडी माझ्या बाबांबरोबर, कारण बांधाला बांध. दिवस सुलाबाईंचा, रात्र बाबांची.

आणि छापून आलं उलटं. दिवस बाबांना, रात्र सुलाबाईंना. त्या रात्री पाणी धरायला गेल्या, चारीत घसरल्या, खुबा मोडला. आजही काठी घेऊन चालतात. आणि तू ठरवलंस, यादी राजेश्रीनं बापासाठी फिरवली.

मी दोन ओळी लिहिल्या होत्या, सिद्धोधन. एका ओळीत एक नाव, दुसरीत दुसरं. कंसातल्या क्रमाचा नियम मला शिकवायला लागल्यापासून पाठ आहे, पण तो आपल्या प्रोग्रामला लागू पडेल असं कधी वाटलं नाही, कारण माझ्या दोन ओळी होत्या. मला वाटायचं, नावं भरताना तूच चुकलास आणि ते माझ्यावर ढकललंस.

या मे महिन्यात रामनं बाबांची लोखंडी पेटी रिकामी केली. तळाशी तो लांबलचक कागद निघाला, कडेला भोकं असलेला. अर्ध्यात पाळीची यादी, अर्ध्यात प्रोग्राम. माझ्या दोन ओळींच्या जागी एकच ओळ आहे. शेजारी प्रोग्राममधेच टाइप केलेला शेरा: ‘दोन ओळींची एक केली. सि.’ खाली तारीख.

कॉलेजच्या मशीननं डावं आधी घेतलं असणार, संस्थेच्या मशीननं उजवं. तू तिकडं चालवून बघितलंस, मी इकडं छापलं.

मला भांडायचं नाही. मला एवढंच पाहिजे की तुझ्या आईला हे तुझ्या तोंडून कळावं. चोवीस वर्षं त्यांच्या ओट्यासमोरून जाताना मी मान खाली घालते. पाणी चोरल्यासारखी. त्या आता थकल्यात. हे असंच राहून त्या गेल्या तर मी कुणाला सांगत बसू?

राजेश्री

*

बंगळुरू
१२ सप्टेंबर २०२४

राजेश्री,

पाच आठवडे झाले, हे मला दिसतंय. चार वेळा लिहायला बसलो.

ओळ माझी आहे. शेराही माझा. तुझ्या दोन ओळी मला लांबण वाटल्या होत्या. तेव्हा मी तुझ्यावर छाप पाडायच्या मागं असायचो, आणि प्रोग्राम आखूड करून दाखवणं एवढंच मला जमत होतं. त्या ओळीनं माझ्या आईचा पाय गेला आणि मी बोट तुझ्याकडं दाखवलं. माफी मागतो. तू ती द्यावीस असं म्हणत नाही.

एक मात्र सांगायचं आहे, सबब म्हणून नाही. मी पूर्ण यादी कधीच बघितली नव्हती. संस्थेनं ओळी कापून चिठ्ठ्या वाटल्या, माझ्या हातात आईची तेवढी एक चिठ्ठी. बाकीच्या तीन बायांचं मी विचारून आलो होतो. तिघींनीही दिवसाच पाणी धरलं होतं. मग फक्त आईचीच जोडी उलटी कशी? आणि उलटून फायदा कुणाचा? मी कॉलेजच्या मशीनवर प्रोग्राम दहा वेळा चालवला. दहाही वेळा बरोबर.

आईला सांगेन. पण त्याआधी एक मागणं आहे. आई पडल्यानंतरचे ते दोन दिवस तू तुझ्या खोलीत लिही, मी माझ्या खोलीत लिहितो. दोन ऑक्टोबरला दोघांनी लिहायचं आणि तीनला टाकायचं. दुसऱ्याचं हातात येईपर्यंत काही बदलायचं नाही. कुठं जुळत नाही ते मला बघायचं आहे.

सिद्धोधन

*

बंगळुरू
२ ऑक्टोबर २०२४

राजेश्री,

आईला परभणीच्या दवाखान्यात ठेवून मी दुपारी गावात आलो. प्रोग्राम बरोबर आहे हे सांगायला तुझ्याकडंच येत होतो. तोपर्यंत तुझ्यावर संशय नव्हता, हे नीट वाच. संस्थेच्या ऑफिसच्या खिडकीतून तू दिसलीस. कॉम्प्युटरपुढं बसली होतीस, मागं तुझे वडील उभे. ते पडद्याकडं बोट करून काही सांगत होते. तू मला बघितलंस आणि तोंड फिरवलंस. मी आत आलो नाही.

दुसऱ्या दिवशी परभणीच्या स्टँडवर तू गाडीची वाट बघत होतीस. मी विचारलं, “तू यादी बदललीस का?” तू म्हणालीस, “तुला तसं वाटतं?” आणि गाडीत चढलीस. नाही म्हणाली नाहीस. मी ते ‘हो’ धरलं.

त्या आठवड्यात मला इथल्या नोकरीचं पत्र आलं होतं. यादीचं काम संपलं की तुला विचारणार होतो, येशील का म्हणून. काय शब्दांत विचारायचं ते हॉस्टेलच्या गच्चीवर फिरून पाठ केलं होतं. इथं आलो आणि पुढं लग्नाचं कुणी काढलं की मी विषय बदलायचो. इतक्या वर्षांत तुझ्यावरचा राग कधी उतरला ते कळलं नाही, पण तुझी आठवण उतरली नाही.

सिद्धोधन

*

परभणी
२ ऑक्टोबर २०२४

सिद्धोधन,

बाबांनी मला ऑफिसात बोलावलं होतं. म्हणाले, सगळी यादी परत काढ, मला बघायचीय. मी काढत होते. तेवढ्यात एकदम खालच्या आवाजात म्हणाले, “लिंबाजीच्या पोराचं आन तुझं गावात बोलायलेत. खरं हाय का?” मान वर केली तर खिडकीत तू. मी तुझ्याकडं बघितलं असतं तर बाबांना उत्तर मिळालं असतं. म्हणून तोंड फिरवलं.

स्टँडवर तू आलास. मला वाटलं, आई कशी आहे ते सांगशील. तू आधी तो प्रश्न विचारलास. ज्या माणसाला माझा एवढाही भरवसा नाही, त्याला ‘नाही’ म्हणून मी कशाला सांगू? तुझं तुला कळायला पाहिजे होतं. गाडीत बसले आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. तू मागून चढशील याची मला खात्रीच होती. कंडक्टर दोनदा म्हणाला, “ताई, पिशवी उचला, मानसं उभी हायेत.” मी उचलली नाही. गाव येईपर्यंत उचलली नाही.

आणि त्या तीन बायांचं. त्यांतल्या चांगुणाबाईंना मी या उन्हाळ्यात विचारलं. त्यांचीही चिठ्ठी उलटीच होती. तिघी सेक्रेटरी आश्रुबाकडं गेल्या, तो म्हणाला, “तोंडी बदलून घ्या की, त्यात काय.” आपल्या गावाची रीत. चूक झाली की कागदाला हात लावायचा नाही, तोंडी उरकायचं. चौथी बाई का गेली नाही, एवढं मला कळत नाही.

दोन वर्षं स्थळं परतवली. मग थकले.

राजेश्री

*

बंगळुरू
१५ ऑक्टोबर २०२४

राजेश्री,

दोन्ही कागद शेजारी ठेवले. आपण एकच दोन दिवस लिहिले आहेत यावर विश्वास बसत नाही. तुझ्या गप्प राहण्याचा मी माझ्या सोयीचा अर्थ लावला, आणि नंतर उभ्या आयुष्यात लोकांना हेच शिकवलं की जिथं वचन नाही तिथं अर्थ लावू नका.

त्या पिशवीचं वाचल्यावर ऑफिसातून सुट्टी घेतली.

रविवारी आईला सगळं सांगितलं. ओळ माझी, चूक माझी, राजेश्रीनं काही केलं नाही. मला वाटलं रडेल, नाहीतर चिडेल. ती म्हणाली, “त्या पोरीला माह्याकडं लावून दे. तुला फोनवर सांगायचं न्हाई.” मी विचारलं, काय? तिनं फोन ठेवला.

जाशील? जमणार नसेल तर तसं लिही.

सिद्धोधन

*

परभणी
२७ ऑक्टोबर २०२४

सिद्धोधन,

काल जाऊन आले. वसुबारसेला दोनच दिवस राहिले होते, राम म्हणाला सणाचं आटप आणि मग जा. मी म्हटलं, आणखी किती थांबू?

विहाराच्या मागचं ते घर मी आतून कधी बघितलं नव्हतं. सुलाबाई ओट्यावरच होत्या. मी पायरीपाशी थांबले तर म्हणाल्या, “यी की वर. चोवीस वर्सं खालूनच जायलीस.” पाणी दिलं, चहा केला. मला करू दिला नाही. काठी भिंतीला लावून, मांडणीला धरत धरत केला. मी नुसती बघत बसले.

मग बोलल्या. मी घरी येऊन लगेच उतरून काढलं, माझे शब्द घातलेले नाहीत.

“मला तवाच ठावं व्हतं, बाई. तुहा बाप पाळीच्या आदल्या सांजंला हितंच आलता. ओट्याखाली हुबा ऱ्हाऊन म्हणला, सुलाबाई, चिठ्ठी उलटी पडलीय, दिवस तुहा हाय, तू दिवसा धर. म्या म्हणलं, न्हाई. पंचायनं काय सांगितलं व्हतं? आता कुणाच्या तोंडचं पाणी न्हाई, कागदाचं पाणी. जल्मभर आमी तुमच्या तोंडाकडं बघून पाणी घेतलं. पयल्यांदा माहं नाव तुमच्या नावाच्या वळीत छापून आलं. आन पयल्याच दिशी म्या पुन्ना तुमच्याच तोंडानं दिवस घ्यू? कागदावर रात हाय तर रात. गेले. पडले. ती माही हट्टाची गोष्ट हाय, तुही न्हाई न तुह्या बापाची न्हाई.”

मी विचारलं, मग सिद्धोधनला का नाही सांगितलं?

“तुहा बाप दवाखान्यात आलता. म्हणला, म्या समदी यादी काढून बघितली, समदीच उलटी हाय, पोरीनं कायबी केलं न्हाई, तुह्या लेकाला सांगतो. म्याच हात जोडले. म्हणलं, पाटील, सांगू नका. दोघायचं मला कळलं व्हतं. गावात बोलायलते. तुमचे भाऊबंद माह्या लेकराला जित्तं ठिवतेल का? त्याला राग आलाय तर यिऊ द्या. रागानं का हुईना, लांब जाईल. राग उतरतो, जीव गेला तर यीत न्हाई. तुहा बाप म्हणला, बरं. आन गेला.”

बाबांनी तो कागद माझा पुरावा म्हणून जपून ठेवला, ते मला आता कळलं. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि तरी त्यांनी मला मान खाली घालून चालू दिलं. ते त्यांच्याही सोयीचंच होतं. त्यांच्यावर चिडावं तर ते नाहीत. सुलाबाईंवर चिडावं तर त्यांना भ्यायला कारण होतं. आपल्या भागात त्या वर्षात काय काय होत होतं ते तुला मी सांगायला नको.

निघताना माझा हात धरून म्हणाल्या, “म्या बरं केलं का वाईट, मला आजून उमजंना. तू जित्ती हायस, तुहं लेकरू हाय. माहं लेकरू बी जित्तं हाय. पर ते आजून एकलंच जेवायलंय.” आणि मग रडल्या. मीही रडले. कोण कुणाला समजावणार?

त्यांनी हे तुला लिहायला सांगितलं आहे. स्वतः सांगायचं धाडस होत नाही म्हणाल्या. त्यांच्यावर रागावू नकोस. रागवायचंच असेल तर आधी इथं ये आणि त्यांच्या शेजारी बसून रागाव.

राजेश्री

*

बंगळुरू
११ नोव्हेंबर २०२४

राजेश्री,

तुझं पत्र घेऊन मी विमानात बसलो आणि दिवाळीचे चार दिवस आईपाशी राहून आलो. परभणीवरून गेलो, तुला कळवलं नाही. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवली होती. तुमच्या दारात आकाशकंदील होता. रिक्षावाला म्हणाला, “सायेब, उतरायलात का?” मी म्हटलं, नाही, चल.

आईवर रागावलो नाही. तिच्या हातची भाकरी खाल्ली. ती सारखी माझ्या तोंडाकडं बघत होती, मी काय म्हणतो म्हणून. शेवटी मी म्हटलं, “आई, तू मला वाचवलंस.” ते खरं आहे. त्यानं आणखी काय काय झालं, ते मी तिला बोललो नाही.

मला एकच विचारायचं आहे, आणि या वेळी गोल गोल विचारणार नाही. तू सुखी आहेस का? मला उत्तर असं दे की त्यातून मला माझ्या सोयीचं काही काढता येणार नाही. तू सांगशील ते मी शेवटचं मानीन.

सिद्धोधन

*

परभणी
२० नोव्हेंबर २०२४

सिद्धोधन,

तू विचारलंस तसंच सांगते.

मी सुखी आहे. महारुद्र चांगला माणूस आहे. मी तापानं पडले की तो स्वयंपाक करतो आणि जमलेला नसला तरी मी मुकाट खाते. तुझी सगळी पत्रं त्यानं टेबलावर बघितली, एकही उघडलं नाही. काल मी आपणहून वाचायला दिली. वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, “तो गल्लीपर्यंत येऊन गेला?” मी म्हटलं, हो. तो म्हणाला, “वर यायचं होतं की त्यानं.” हे घर मला सोडायचं नाही. यात दुसरा अर्थ नाही.

आणि दुसरं. मी तुझी वाट बघितली. लग्नाआधी दोन वर्षं, आणि नंतरही. परभणीच्या स्टँडवर उतरले की आजही आधी बंगळुरूची गाडी लागलीय का बघते, आणि मग रिक्षा करते. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. यातही दुसरा अर्थ नाही.

यातलं एक खरं आणि एक खोटं असं करू नकोस. मी इतकी वर्षं तेच करत आले. सुखी आहे म्हणून वाट बघितलीच नाही असं स्वतःला सांगायचं, नाहीतर वाट बघितली म्हणून हा संसार उगीच असं वाटून घ्यायचं. आता नाही करणार. दोन्ही खरं आहे, आणि एकातून दुसरं वजा होत नाही.

राजेश्री